इमिल वाव्रा वाट चुकले नव्हते

प्रति,
श्रीमती क्रिस्टा होल्मग्रेन,
वन्यजीव संरक्षण अधिकारी,
सीडर फोर्क काउंटी वन कार्यालय,
उत्तर विस्कॉन्सिन.

अर्जदार : एल्रॉय स्टेंगल, वय ६१, गावाच्या बर्फ काढण्याच्या गाडीवर चालक, राहणार जुना सॉमिल रस्ता, सीडर फोर्क.

विषय : दिनांक १८ नोव्हेंबर २०२३ च्या अपघात अहवालातून 'वयोमानामुळे गोंधळून' व 'भरकटला' हे शब्द काढून खरे कारण नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) हरणांच्या बंदूक-हंगामाच्या पहिल्या दिवसाचा आपल्या कार्यालयाचा अपघात अहवाल. २) त्याच दिवशी दुपारी 'रस्टी हुक' या गुत्त्याच्या आवारात आपण अर्जदारास विचारलेले दोन प्रश्न व त्याने दिलेली दोन उत्तरे.

महोदया,

हा अर्ज तीन आठवडे उशिरा येत आहे. उशीर टपालाचा नाही, अर्जदाराचा आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

श्री. इमिल वाव्रा, वय ७९, कागद कारखान्यातून निवृत्त, हे हंगामाच्या पहिल्या सकाळी सरकारी जंगलात, बीव्हर या प्राण्यांनी ओढ्यावर घातलेल्या बांधाखाली, दलदलीत पडले. त्यांचा खुबा मोडला आणि ते जवळजवळ पाच तासांनी सापडले. हे सर्व आपणास माहीत आहे, कारण त्यांना झोळीतून बाहेर आणणाऱ्यांत आपण स्वतः होतात. आपल्या अहवालात कारण असे लिहिले आहे : "सदर इसम वयोमानामुळे गोंधळून, नेहमीची वाट सोडून भरकटला असावा."

त्यातला 'असावा' आता कुणी वाचत नाही. डॉक्टरांनी उरलेले वाक्य वाचले आणि आपल्या कागदावर उतरवून घेतले. इमिल यांची मुलगी डोरीन हिने त्यांच्या गाडीच्या किल्ल्या आणि तिन्ही बंदुका स्वतःच्या घरी नेल्या. येत्या शुक्रवारी, १५ तारखेला सकाळी अकरा वाजता शुश्रूषागृहात बैठक आहे. खुबा सांधल्यावर इमिल आपल्या घरी जाणार, की तिथल्याच वरच्या मजल्यावर कायमचे राहणार, हे त्या बैठकीत ठरेल. वरच्या मजल्याचे दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि ते आकडे तिथे राहणाऱ्यांना सांगत नाहीत.

महोदया, इमिल भरकटले नव्हते. ते त्या बाजूला का गेले, हे या शनिवारपर्यंत दोनच माणसांना माहीत होते. एक ते स्वतः, आणि ते सांगत नाहीत. दुसरा अर्जदार.

गावाच्या उत्तरेला दोन दलदलींच्या मधोमध हेमलॉकच्या झाडांचा जो उंचवटा आहे, त्याला नकाशात नाव नाही. आम्ही त्याला कुबड म्हणतो. हरणांना एका दलदलीतून दुसरीत कोरड्या पायांनी जायचे तर तेवढीच जागा आहे, म्हणून शिकाऱ्याला तिच्यासारखी दुसरी जागा नाही. जंगल सरकारी आहे, म्हणजे सर्वांचे आहे. कुबडावर कुणाची मालकी नाही आणि इमिल यांनी ती कधी सांगितलीही नाही. आधी येईल त्याची जागा, एवढाच कायदा.

पण आपण इथल्याच आहात. एकाच जंगलात इतकी माणसे बंदुका घेऊन नऊ दिवस फिरतात आणि तरी भांडणे होत नाहीत, ती कशामुळे, हे आपण जाणता. वाटेच्या तोंडाशी कुणाची गाडी उभी दिसली की पुढच्या वाटेला जायचे. झाडीत शिकाऱ्याचा नारिंगी रंग दिसला की बोलायचे नाही, हात वर करायचा आणि वारा बघून लांबून वळायचे, म्हणजे त्याच्या हरणांना आपला वास लागत नाही. आणि कुणी विश्वासाने जागा दाखवली, तर त्याला विचारल्याशिवाय तिथे बसायचे नाही. हे कुठल्या पुस्तिकेत नाही. अर्जदाराने आपल्या कार्यालयाची पुस्तिका या तीन आठवड्यांत दोनदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तीत अर्जदाराने केलेली गोष्ट सापडत नाही.

कुबड अर्जदाराला इमिल यांनीच दाखवले. अकरा वर्षांपूर्वी अर्जदाराने एक मादी जखमी केली आणि तिच्या रक्ताच्या मागावर चालत तो नेमका इमिल यांच्या पुढ्यात जाऊन पोचला. त्यांची सकाळ नासली. दुसरा कुणी असता तर चार शब्द सुनावले असते. इमिल उठले, अर्जदाराबरोबर दुपारपर्यंत माग काढत राहिले, हरीण सापडल्यावर दोरीचे एक टोक त्यांनी धरले. परत येताना कुबडावर थांबून म्हणाले, "बस इथे. बस, पाच मिनिटं. आता डावीकडे बघ. आता उजवीकडे. काय दिसतंय?"

अर्जदार म्हणाला, "सगळंच दिसतंय की."

"मग ऐक. मी आहे तोवर पहिला दिवस माझा. दुसऱ्या दिवसापासून तू बस, रोज बस, मला काही नाही. आणि एखाद्या वर्षी मला जमणार नसेल तर मी तुला सांगेन. नाही सांगितलं तर तू विचार. फोन आहे ना घरी? मग झालं तर."

दोघांचेही हात रक्ताने माखलेले होते, तेच हात आम्ही मिळवले. दहा हंगाम अर्जदाराने तो शब्द पाळला. हे तो स्वतःच्या बाजूने सांगत नाही. दहा वर्षे पाळलेला शब्द मोडताना माणसाला काय मोडतोय ते नीट माहीत असते, म्हणून सांगतो.

यंदा हंगामाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, गळ आणि आमिष विकणाऱ्या दुकानात अर्जदार पायमोजे घ्यायला गेला. दुकानदार म्हणाला, "वाव्रा यंदा बसला घरी. गुडघा गेला म्हणतात. ऐकलंस का?" अर्जदाराने ऐकले नव्हते. घरी येऊन त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. विचारले तर इमिल 'येतोय' म्हणतील, ही भीती होती. न विचारता 'येणार नाहीत' असे धरून चालणे सोपे होते. अर्जदाराला अकरा वर्षांत शिंगांचा म्हणावा असा एकही नर मिळालेला नव्हता. गुत्त्यात शिकार टांगायच्या खांबावर दर वर्षी दुसऱ्यांचे नर टांगलेले पाहून, त्यांच्या पाठीवर थाप मारून, तळलेले मासे खाऊन तो घरी यायचा. हे कारण आहे, सबब नव्हे.

इथवर वाचून अर्जदाराचा दोष फक्त न विचारण्याचा आहे, असे आपणास वाटले असेल. तसे नाही.

कुबडाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी दोन गाड्या मावतील एवढी मोकळी जागा आहे. शनिवारी पहाटे पाच वाजता अर्जदार तिथे पोचला तेव्हा ती रिकामी होती. त्याने तिथे गाडी लावली नाही. तो पुढे पाऊण मैल गेला, खडीच्या जुन्या खाणीमागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशी गाडी लावली आणि उत्तरेकडून, काट्याकुट्यांतून कुबडावर गेला. वाऱ्याची दिशा पाहता ही वाट बरी, असे तो चालताना स्वतःला सांगत होता. वारा वायव्येचा होता, त्याचा वास पुढे कुबडाकडे नेणारा, म्हणजे ती वाट वाईटच होती. ज्याला कुणी येणार नाही याची खात्री असते, तो गाडी लपवत नाही.

गाडी समोर असती, तर इमिल यांनी ती पाहिली असती, काच खाली करून दोन शिव्या दिल्या असत्या आणि दुसरीकडे गेले असते. आज ते घरी असते.

उजेड फुटायला लागला तेव्हा साडेसहाला दहा मिनिटे कमी होती. बंदूक चालवायची वेळ अजून झालेली नव्हती. दक्षिणेकडच्या वाटेवर बर्फ करकरला. अर्जदाराला वाटले हरीण. मग काठी टेकल्याचा आवाज आला. मग नारिंगी जाकीट दिसले आणि त्यावर कानपट्ट्यांची ती लाल चौकड्यांची टोपी, जी आख्ख्या काउंटीत एकाच माणसाच्या डोक्यावर असते.

इमिल साधारण तीस पावलांवर थांबले. त्यांनी अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने त्यांच्याकडे पाहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. इमिल यांना धाप लागली होती, तोंडातून वाफ निघत होती. मग त्यांनी दोन बोटे टोपीला लावली, जागा कुणी आधी घेतलेली दिसली की लावतात तशी. अर्जदाराने हात वर केला.

फक्त हात वर केला. "इमिल, या, बसा, मी जातो," एवढेच म्हणायचे होते. हरणे अजून हललेली नव्हती, बोलल्याने काहीही बिघडले नसते. ते शब्द तोंडापर्यंत आलेले होते, असे लिहायला अर्जदाराला आवडले असते. पण ते आलेले नव्हते. तो त्या वेळी एवढाच विचार करत होता की म्हातारा आता लवकर बाजूला झाला तर बरे.

इमिल आल्या वाटेने परत फिरू शकले असते. ती वाट सरळ आहे, त्यांच्या गुडघ्याला झेपणारी आहे. पण तिने परतायला त्यांना अर्धा तास लागला असता, आणि तो अर्धा तास हरणे नेमकी ती वाट ओलांडत असतात. म्हणजे अर्जदाराची सकाळ वाया गेली असती. त्यांनी काठीने आग्नेयेकडे खूण केली, 'मी इकडून वळसा घालतो' अशी, आणि ते वारा वाहतो त्या अंगाने, आल्डरच्या झुडपांच्या जाळीतून, बीव्हरच्या बांधाकडे उतरले. ती वाट किती वाईट आहे हे अर्जदाराला ठाऊक होते. ते का तिकडून गेले हेही त्याच क्षणी कळले होते. ज्याने त्यांची जागा घेतली, त्याची शिकार बिघडू नये म्हणून.

याला आपल्या अहवालात 'भरकटणे' म्हटले आहे.

सात वाजून दहा मिनिटांनी त्याच दिशेने, आल्डरच्या जाळीतून, शिंगांना दहा टोके असलेला नर वर आला. तो मागे वळून बघत येत होता. अर्जदाराने एकाच गोळीत तो पाडला. आयुष्यातला सर्वांत मोठा. त्याने त्याचे पोट साफ केले, उत्तरेकडे खाणीपर्यंत ओढत नेला, गाडीत घातला. साडेदहाला तो गुत्त्याच्या खांबावर टांगला आणि लोकांनी अर्जदाराच्या पाठीवर थापा मारल्या. कुबडाच्या दक्षिणेला काय चालले असेल, हा विचार त्याने त्या पूर्ण सकाळी एकदाही केला नाही. नेमके सांगायचे तर, एकदा आला होता आणि त्याने तो बाजूला सारला.

इमिल सापडले ते पावणेबाराला. बाहेरगावाहून पहिल्यांदाच शिकारीला आलेल्या एका जोडप्याला शिटी ऐकू आली. ते दोघे नंतर गुत्त्यात सांगत होते : आजोबांचे दोन्ही पाय पाण्यात, पाण्यावर बर्फाचा पापुद्रा, ओठ निळे, आणि आम्हाला पाहून पहिलं काय म्हणाले असतील? "तुमची सकाळ मोडली, माफ करा हं."

दुपारी दीडच्या सुमारास आपण गुत्त्याच्या आवारात आलात. त्या भागात बसलेल्या प्रत्येकाला आपण विचारत होतात. खांबाखाली उभ्या अर्जदारालाही विचारलेत, "एल्रॉय, सकाळी इमिल दिसले का तुम्हाला?"

अर्जदार म्हणाला, "नाही."

आपण विचारलेत, "कुठे बसला होतात?"

अर्जदार म्हणाला, "खाणीकडे."

आपण ते लिहून घेतलेत. आपल्या बाजूने काही चुकले नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. खोटे बोललो तो मी. इमिल यांना आपण विचारले तेव्हा ते रुग्णवाहिकेत होते, आणि वाट सोडून तिकडे का गेलात या प्रश्नावर ते म्हणाले, "फिरावंसं वाटलं." एका बाजूला हे उत्तर आणि दुसऱ्या बाजूला अर्जदाराचे 'नाही', यातून दुसरे कुणीही तेच वाक्य लिहिले असते.

अर्जदार अकरा दिवसांनी त्यांना भेटायला गेला. त्या नराचे सॉसेज करून नेले होते. दुसरे काय न्यायचे ते सुचले नाही. इमिल खिडकीशी खुर्चीत होते, पायांवर शाल. अर्जदाराला वाटले होते ते तोंड फिरवतील. ते म्हणाले, "ये रे. किती टोकांचा?"

"दहा."

"आल्डरमधून आला ना? मागे बघत?"

"हो."

"वाटलंच!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मीच उठवला त्याला. झोपला होता तिथे, माझ्यापासून काठीभर अंतरावर. माझ्याकडे असा बघतोय, की म्हातारा इथे काय करतोय! मग तुझा बार ऐकला. म्हटलं, चला, वाया नाही गेला."

अर्जदाराने विचारले, ते तेव्हा पडलेले होते का. ते म्हणाले, आत्ताच पडलो होतो. अर्जदाराने विचारले, मग हाक का नाही मारली, शिटी गळ्यात होती ना.

"सकाळी सव्वासातला? पहिल्या दिवशी?" अर्जदाराने चर्चमध्ये थुंकण्याची गोष्ट काढावी तसे त्यांनी पाहिले. "अरे, लोक वर्षभर वाट बघतात त्या तीन तासांची. दहापर्यंत थांबलो. दहानंतर तसंही काही हलत नाही. मग वाजवली."

अर्जदार म्हणाला, "इमिल, मी सगळं सांगतो त्यांना. तुम्ही माझ्यामुळे..."

"काय सांगशील? तू आधी आला होतास. आधी येईल त्याची जागा. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"ते तुम्हाला वेडं ठरवतायत."

"ठरवू देत. मी काय जाऊन माणसाची चुगली करू, की तो माझ्या आधी उठला?"

 त्यांनी सॉसेजचा तुकडा कापून तोंडात टाकला. नंतर, खिडकीबाहेर बघत, त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी कुठे लावली होतीस?"

अर्जदार म्हणाला, "खाणीमागे."

इमिल यांनी घास सावकाश चावून गिळला. म्हणाले, "मिरी जास्त झालीय यात." त्यानंतर अर्जदार निघेपर्यंत ते हवेबद्दल बोलले.

 तरीही त्याने आपल्याकडे यायला आणखी दहा दिवस लावले. बर्फ काढण्याच्या फेऱ्या होत्या हे खरे, पण आपले कार्यालय त्याच रस्त्यावर आहे. त्या दहा दिवसांत अर्जदार आपल्या दारावरून रोज दोनदा गेला आणि आपल्या पायरीवरचा बर्फ गरजेपेक्षा जास्त साफ करून पुढे गेला.

परवा, शनिवारी, तो इमिल यांच्या घरासमोरून जात होता. दारात खोकी दिसली. डोरीन भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. अर्जदाराने गाडी चालू ठेवूनच तिला पायरीवर सगळे सांगितले, आत्ता आपल्याला सांगितले त्याच क्रमाने. ती हातात तवा घेऊन ऐकत राहिली.

ती म्हणाली, "बाबा बोलले होते मला."

अर्जदाराने टोपी काढली.

"ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोलले. 'जागेवर माणूस होता.' मी विचारलं, कोण होता बाबा? तर गप्प. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तर म्हणे कुणी नाही, जाऊ दे. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, नसलेली माणसं दिसतात म्हणून." तिने तवा खाली ठेवला. "मी सांगितलं, एल्रॉय. मी, त्यांच्या मुलीने. तुम्ही तीन आठवडे कुठे होता?"

 

ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी मुलगी आहे, मी बाबांच्याच बाजूने बोलणार असं म्हणतील. शुक्रवारी तिथे कागद लागतो. होल्मग्रेनबाईंचा कागद." मग ती आत गेली. अर्जदार गाडीत बसला तेव्हा ती एका खोक्यातून भांडी परत बाहेर काढताना दिसली.

म्हणून हा अर्ज. अर्जदाराची विनंती अशी आहे की, अहवालातील ते दोन्ही शब्द खोडावेत. त्या जागी असे लिहावे की श्री. इमिल वाव्रा हे नेहमीच्या जागी नेहमीच्या वाटेने, अंधारात, एकटे, बरोबर पोचले. ती जागा एल्रॉय स्टेंगल याने त्यांना न विचारता व आपली गाडी लपवून अडवलेली होती. आणि त्याची शिकार बिघडू नये म्हणून ते जाणूनबुजून अवघड बाजूने वळले. 'अन्य एक शिकारी' असे कृपया लिहू नये. पूर्ण नाव लिहावे. गावात हा कागद फिरेल, याची अर्जदाराला कल्पना आहे आणि फिरावा अशीच इच्छा आहे.

दुसरी विनंती, अर्जदाराने अधिकाऱ्यास दोनदा खोटी माहिती दिली, त्याबद्दल नियमात जी काही कारवाई असेल ती करावी. परवाना जप्त करायचा असेल तर तो सोबत जोडला आहे. बाकीच्या गोष्टीसाठी नियम नाही हे अर्जदार जाणतो. तसा नियम आपण करावा असे तो एका रात्री लिहून बसला होता : गाडी दिसेल अशी लावावी, विचारल्याशिवाय बसू नये, म्हाताऱ्या माणसाला हाक मारावी. सकाळी वाचले आणि फाडले. हे नियम करून पाळायचे झाले, तर दर झाडामागे एक अधिकारी उभा करावा लागेल.

तिसरी आणि घाईची विनंती, दुरुस्त केलेला कागद शुक्रवारी अकराच्या आत शुश्रूषागृहात पोचावा. टपालाचा भरवसा नको. आपण सही करून ठेवल्यास अर्जदार स्वतः घेऊन जाईल. त्याच्या हाती देणे योग्य वाटत नसेल, तर तेही समजण्यासारखे आहे. डोरीन येऊन नेईल.

इथवरचा मजकूर अर्जदाराने काल, रविवारी, इमिल यांना वाचून दाखवला. त्यांच्याबद्दलचा कागद त्यांच्या पाठीमागे जाऊ नये, एवढे तरी या वेळी पाळायचे होते.  वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा मागितला, पेन मागितले, आणि खाली जागा सोड म्हणाले. मग अर्जदाराला बाहेर जाऊन उभे राहायला सांगितले. त्यांनी काय लिहिले ते अर्जदाराने वाचले आहे. त्याबद्दल त्याला काही म्हणायचे नाही. ते आहे तसे सादर आहे.

आपल्याशी खोटे बोललेला आणि त्याबद्दल क्षमा मागणारा,

एल्रॉय स्टेंगल
(सही)
सीडर फोर्क, सोमवार, ११ डिसेंबर २०२३

सोबत : १) हाताने काढलेला नकाशा, इमिल यांची येण्याची वाट शाईने, वळसा पेन्सिलीने, गाडी लपवली ती जागा फुलीने दाखवली आहे. २) अर्जदाराचा शिकार परवाना. ३) नराची शिंगे, गोणीत बांधून, आपल्या मागच्या दाराशी ठेवली आहेत. ती पुरावा म्हणून घ्यावीत किंवा फेकावीत, पण परत करू नयेत.

*

(अर्जाच्या तळाशी, वेगळ्या हस्ताक्षरात)

बाई,

वरचे सगळे मी ऐकले. अंतर तीस पावले नव्हते, पन्नास होते. तीस पावलांपर्यंत मी कुणाच्या अंगावर जात नाही.

एल्रॉयने मला फार चांगला माणूस करून लिहिले आहे. त्याची शिकार बिघडू नये म्हणून मी तिकडून गेलो, हे खरे आहे. पण पडलो त्यामुळे नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता. इतका राग मला बायको गेली तेव्हा देवाचाही आला नव्हता. मी त्याला मनात शिव्या घालत चाललो होतो आणि पायाखाली बघत नव्हतो. बांध कुठे आहे, खड्डा कुठे आहे, मला सगळे ठाऊक होते. रागात पाय चुकीचा पडला.

हे मी डोरीनला सांगितले नाही, कारण जो आधी येऊन बसला त्याच्यावर रागवायचा मला हक्क नव्हता. पण आला. अजून आहे. तसे अहवालात लिहा.

इमिल वाव्रा
रविवार, १० डिसेंबर २०२३. तारीख मी कुणाला विचारलेली नाही.